मधात कोन हाय?

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या साडभाऊंइतका संशयी माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खरोखर तितका संशयी आहे की नुसता तसं दाखवतो, याचा साडभाऊंनाच आधी संशय येईल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे याला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्यात भाऊ मिसळतात, एकाच सासऱ्याच्या तावडीत सापडलेल्या दोघांनी निदान आपसात तरी धरून राहावं, म्हणून असेल. त्यांचा संशय सरसकट मात्र नव्हता. देवावर नव्हता, शेजाऱ्यावर नव्हता, सरकारवरही चारचौघांपेक्षा जास्त नव्हता. तो होता फक्त मधल्या माणसावर. देणारा चांगला, घेणारा चांगला, जो काही घोळ होतो तो मधल्याच्या हातात होतो, असं त्यांचं ठाम मत. आणि मी नेरच्या पोस्टात कारकून. ज्याचा सगळा जन्म एकाचं घेऊन दुसऱ्याला पोचवण्यात गेला, असा पगारी मधला माणूस. आमचे संबंध कसे राहिले असतील, ते सांगायला नकोच.

हे व्रत त्यांनी लग्नापासून पाळलं. सोयरीक जुळवायला आमच्याकडे कुणीतरी मध्यस्थ लागतोच, दोन्ही घरचा चहा पिणारा एखादा मामा किंवा गुरुजी. साडभाऊंनी तो टाळला. एस.टी.नं ते एकटेच सासऱ्यांच्या गावी गेले आणि अंगणात उभे राहिले. सासऱ्यांना वाटलं, हा बियाण्याच्या कंपनीचा माणूस. मागच्या साली बियाणं उगवलं नाही म्हणून ते अर्धा तास त्यांना बोलले. साडभाऊंनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग सांगितलं, की बियाणं काही माझं नव्हतं, मी तुमची मुलगी पाहायला आलोय. सासऱ्यांना हा मुलगा तिथल्या तिथं पसंत पडला. सासूबाईंना मात्र अखेरपर्यंत वाटत राहिलं, की मध्यस्थ कुणीतरी नक्की होता आणि हा त्याचं नाव लपवतो आहे.

दूध म्हशीजवळ उभं राहून घेणारे पुष्कळ असतात. साडभाऊ आधी गवळ्याची रिकामी बादली तळहातावर उपडी करत आणि तळहात कोरडा निघाला तरच त्याला म्हशीखाली बसू देत. भरलेल्या एस.टी.त आपण तिकिटाचे पैसे पुढच्याच्या हाती देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि तिकीट त्याच वाटेनं मागे येतं. साडभाऊ स्वतः वाट काढत कंडक्टरपर्यंत जात, आणि परत येईपर्यंत त्यांची जागा गेलेली असे. कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना नारळ छातीशी धरत. गुरुजींनी हात पुढे केला की भक्तिभावानं नमस्कार करत आणि नारळ काही सोडत नसत. माझं अन् गणपतीचं सरळ आहे, मधे तुम्हाला कशाला तकलीफ, असं त्यांचं म्हणणं. गुरुजीही समजूतदार, ते बाजूला होत.

मुलीच्या लग्नाच्या झाडून साऱ्या पत्रिका त्यांनी हातानं वाटल्या. माझी द्यायला ते पोस्टात आले, तिकिटांच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर लागल्यावर खिडकीतून ती माझ्या हातात ठेवली. खिडकीशेजारीच लाल पेटी टांगलेली होती. मी म्हणालो, माझीच पत्रिका आहे, पेटीत टाकली असती तरी मीच काढली असती. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेटीतून कोन काढते, थे मले दिसत नाही." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि नाइलाजानं कुणाच्या हाती काही पाठवावंच लागलं, तर गाठी. ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भरलेला डबा ते फडक्यात बांधत, फडक्याला सात-आठ गाठी मारत आणि डबा माझ्या पिशवीत पडायच्या आत माझ्या बायकोला फोन करून गाठींचा आकडा कळवत. घरी पोचलो की बायको आधी गाठी मोजायची, मग मला पाणी द्यायची. एकदा कळवल्या होत्या सात आणि निघाल्या सहा. ती सातवी गाठ कुठं गेली, यावर दोन्ही घरांत चार महिने बोलणं चाललं. ती त्यांनी मारलीच नव्हती, हे मी आजही सांगतो, आणि आजही कुणाला ते खरं वाटत नाही.

असा हा माणूस नेरजवळच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होता. कापसाची गाडी आली की ती आधी भरलेली तोलायची, मग कापूस उतरवून रिकामी तोलायची. दोन्ही वेळा खिडकीत लाल आकडा उमटतो, तोच आकडा तारेतून कॉम्प्युटरमध्ये जातो आणि चिठ्ठी छापून बाहेर येते. चिठ्ठी हातात पडली की शेतकऱ्याचं वर्ष संपलं. वीस वर्षं ती साडभाऊंनी दिली. कॉम्प्युटर त्यांना कुणी शिकवला नव्हता. शिकवणाऱ्यावर भरवसा नसल्यामुळे ते आपले आपणच शिकले होते, आणि त्या जुन्या मशीनची नस न् नस त्यांना ठाऊक होती. ती मशीन नेमकी बोंडअळी परत आली त्या वर्षात बंद पडली. बीटी कापसाला अळी लागत नाही असं छातीठोकपणे सांगणारे सगळे तेव्हा गप्प झाले होते. हिरवंगार बोंड दाबून फोडावं तर आत गुलाबी किडा. लोक बियाण्यावर संशय घेत, औषधावर घेत, शेजारच्या वावरावर घेत आणि सगळ्यात जास्त काट्यावर घेत. उभ्या जिल्ह्याचा साडभाऊ झाला होता म्हणा ना.

जिनिंगच्या शेठनी मग अमरावतीहून एक मोठी मशीन आणवली. ती बसवायला आलेल्या कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, की आता वेगवेगळ्या मशीन घ्यायची गरज नाही. मुख्य मशीन मुनीमजींच्या ऑफिसची, आणि तिच्या पोटात आणखी दोन, एक आवारातल्या कॅमेऱ्यांची आणि एक काट्याची. काट्याचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी आत जुनीच मशीन असल्याचा भास उभा केला आहे. अशा मशीनला व्हर्च्युअल म्हणतात. ती हाताला लागत नाही, पण काम करते. साडभाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं, मशीनच्या मागं जाऊन वाकून पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला त्या दिवसापासून खडूनं आकडे चढायला लागले. गाडी काट्यावर आली की खिडकीतला लाल आकडा ते आधी दारावर लिहीत, पुढे चिठ्ठीचा नंबर टाकत आणि मगच छापायचं बटण दाबत.

पहिले आठ दिवस प्रत्येक चिठ्ठी त्यांनी दाराशी ताडून पाहिली. किलोचाही फरक नव्हता. मग त्यांनी ताडणं सोडलं. दारावर लिहायचे सवयीनं, पण वळून पाहायचे नाहीत. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. या माणसानं जन्मात एकदाच डोळे मिटून विश्वास टाकला, आणि तोही एका मशीनवर.

एका दुपारी एक म्हातारी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बंडी भाड्याची. त्या साली तिच्या तीन एकरांत एवढी एकच बंडी कापूस झाला होता. साडभाऊंनी चिठ्ठी दिली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली आणि जागची हलली नाही. खिडकीत भरल्या बंडीचा लाल आकडा अकराशे वीस होता, कागदावर हजार ऐंशी काहून, असं तिनं विचारलं. मागे गाड्यांची रांग लागलेली, लोक ओरडत होते, ऊन तापलेलं. साडभाऊ वैतागले आणि आयुष्यभर ज्याचा पस्तावा करावा असं एक वाक्य बोलून गेले. म्हणाले, "मावशी, आकडे तरी समजते काय तुले?" रांगेतले चार लोक हसले.

म्हातारी रागावली नाही. तिनं चिठ्ठीची नीट घडी घातली आणि म्हणाली, "समजते. घरधन्यानं शिकवले, चुलीमागच्या भितीवर, कोयशानं. तू मले एवढंच सांग बापू, लाल आकडा अन् कागद, याच्या मधात कोन हाय?"

मधात कुणी नाही म्हणून ते सांगणार होते. पण जन्मभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला, तोच समोरून आला होता. त्यांनी दार ओढलं आणि मागं पाहिलं. दारावर त्यांच्याच अक्षरात खडूनं लिहिलं होतं, अकराशे वीस. ते वळेपर्यंत मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवून बंडी पुढं घालवली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी ऑफिसातल्या चिठ्ठ्यांच्या नकला आणून साऱ्या दाराशी लावल्या. अकरा ठिकाणी फरक निघाला. दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले आणि अकराचा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगितला. शेठनी आधी साडभाऊंवरच संशय घेतला, ते साहजिक होतं. ज्याच्या हातात काटा, त्यानंच काटा चुकतो म्हणून सांगावं, यात काहीतरी डाव असणार. मुनीमजींना वाटलं, हा नव्या मशीनवर जळतो. बाहेर रांगेत तर काट्यावरचा माणूस वजनात मारतो अशी बोलवा पसरलीच होती. ताई किराणा आणायला गेली की बाया बोलायच्या थांबत. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर सगळे संशय घेऊन राहिले होते, आणि मला वाईट याचं वाटलं, की पहिल्या दिवशी माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांनी छापील चिठ्ठी बंद केली. लाल आकडा पाहून हातानं लिहून द्यायला लागले आणि रविवारी अमरावतीला गेले. फोनवर विचारलं असतं तर कॉम्प्युटरवाल्यानं मधे काहीच नाही म्हणून सांगितलं असतं, म्हणून समोर जाऊन बसले. शेवटी त्यानं कबूल केलं. काट्याची तार ज्या कार्डात शिरते, ते कार्ड मुख्य मशीनच्या ताब्यात. आकडा आधी तिच्याकडे येतो आणि ती तो आतल्या काट्याच्या मशीनला देते. कॅमेऱ्यांची गडबड चालू असली की आकडा काही वेळ तिच्याकडेच अडकतो. मग चिठ्ठीवर मघाचा आकडा छापला जातो, बैलाचा मागचा पाय काट्यावर पडायच्या आधीचा. "म्हंजे हाय मधात," साडभाऊ म्हणाले. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं, असं तो कॉम्प्युटरवाला नंतर मला सांगत होता.

उपायही त्यानंच बोलता बोलता सांगितला. कार्ड मुख्य मशीनच्या ताब्यातून काढून थेट आतल्या मशीनला देता येतं. त्याला पासथ्रू म्हणतात. एकदा दिलं की कार्ड आणि आतली मशीन यांचं सरळ बोलणं, मुख्य मशीनला त्यातलं काही ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. पण हे असलं सारं मोठ्या शहरातल्या मोठ्या कामांसाठी असतं, काट्यासाठी कुणी करत नाही. साडभाऊंनी त्याच्याकडून इंग्रजी कागदांचा गठ्ठा छापून घेतला आणि बी.ए. झालेला एकुलता एक नातेवाईक म्हणून माझ्याकडे आणला. चार दिवस मी शब्दकोश घेऊन वाचत होतो आणि ते समोर बसून ऐकत होते. मला त्यातली प्रत्येक ओळ वाचता आली आणि एकही कळली नाही. साडभाऊंना मात्र वाक्य संपायच्या आत कळे. कळणारच. त्यांचंच आयुष्य कुणीतरी इंग्रजीत लिहून काढलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी जिनिंग बंद असताना आम्ही दोघं गेलो. मी कशाला, तर साक्षीदार म्हणून. उद्या कुणी म्हणालं की यानं एकट्यानं बसून काहीतरी केलं, तर सांगायला माणूस हवा. मी म्हणालो, माझ्या साक्षीवर तुमचा विश्वास आहे का? ते म्हणाले, नाही, पण लोकांचा आहे. मशीन चालू होताना त्यांनी आत कुठंतरी जाऊन एक खूण बदलली, मग कागदात बोट घालून एकेक ओळ लिहिली, आणि कार्ड देऊन टाकलं. लाल आकडा शून्य, पडद्यावर शून्य. आम्ही खूश झालो. तेवढ्यात पलीकडे ऑफिसात हिशेबाला आलेले मुनीमजी ओरडले. त्यांचा कीबोर्ड मेला होता आणि माऊसही. त्यांनी रीतीप्रमाणे आधी 'श्री' लिहायला बोटं चालवली, तर ते 'श्री' आमच्याकडे काट्याच्या पडद्यावर उमटलं.

कागद पुन्हा वाचला तेव्हा उलगडा झाला. मशीनच्या आत या वस्तूंचे गट असतात, आणि एका गटातल्या वस्तू द्यायच्या तर सगळ्या एकदम द्याव्या लागतात. ज्या खाचेत काट्याचं कार्ड बसवलं होतं, त्या गटातच मुनीमजींचा कीबोर्ड आणि माऊस राहत होते. साडभाऊंनी दिलं कार्ड, आणि पाठोपाठ मुनीमजींचं सारं चंबूगबाळं आतल्या मशीनच्या घरी गेलं. मुनीमजी दारात येऊन म्हणाले, काट्याच्या लग्नात माझा कीबोर्ड आंदण दिला काय? त्यांना ते खरंच मुद्दाम केलेलं वाटत होतं. साडभाऊंनी मशीन बंद केली, झाकण उघडलं, कार्ड उपसून पार खालच्या एकट्या खाचेत बसवलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. या खेपेला कार्ड एकटंच गेलं. मुनीमजींचा 'श्री' मुनीमजींच्याच पडद्यावर उमटला, तेव्हा कुठं ते खाली बसले.

मग पारख. साडभाऊंनी मला काट्यावर उभं केलं. लाल आकडा नव्वद, चिठ्ठी नव्वद. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं, कॅमेरे सगळे चालू ठेवून मुनीमजींना भराभर काम करायला लावलं, चाळीस वेळा तोललं. चाळीसही वेळा नव्वद. घरी मी माझं वजन ब्याऐंशी सांगत आलो होतो. त्या चाळीस चिठ्ठ्यांपैकी एक साडभाऊंनी माझ्या बायकोला नेऊन दिली. अर्थात स्वतःच्या हातानं.

सोमवारी शेठ आले. ऑफिसातल्या पडद्यावर त्यांनी काट्याचा आकडा शोधला, तर तिथं काही दिसेना. मशीन माझी, काटा माझा आणि मलाच दिसत नाही, म्हणजे यानं ते स्वतःच्या कब्जात घेतलं, असं त्यांना वाटलं. कार्ड आत्ताच्या आत्ता मुख्य मशीनला परत द्या, नाहीतर उद्यापासून काट्यावर येऊ नका, इथपर्यंत गोष्ट गेली. मी तिथं नव्हतो, पण मुनीमजी सांगत, की साडभाऊंचा आवाज जराही चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "मालक, मधातल्या कोनाले दिसलं नाही पाह्यजे, म्हनूनच त केलं. तुमाले पाहाचं असन त खिडकीत या. लाल आकडा साऱ्यायले दिसते."

शेठ माणूस हट्टी. त्यांनी खरोखर खुर्ची मागवली आणि दिवसभर खिडकीबाहेर उन्हात बसले. गाडी आली की लाल आकडा पाहायचे आणि चिठ्ठी मागून ताडायचे. दुपारपर्यंत शेतकऱ्यांनीही त्यांच्या मागं उभं राहून ताडायला सुरुवात केली. संध्याकाळी शेठ खुर्चीवरून उठले, काट्याच्या खोलीत गेले आणि दाराच्या मागचे ते खडूचे आकडे बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, अकरा चिठ्ठ्या दुरुस्त करा, मी सही करतो. पुढचं त्यांनी सगळं नीट केलं, हे सांगायला पाहिजे.

त्या अकरा चिठ्ठ्या वाटायचं काम साडभाऊंनी अर्थातच पोस्टावर टाकलं नाही. रोज सुटी झाली की सायकल, जिथं सायकल जात नाही तिथं एस.टी., आणि एस.टी. नाही तिथं पायी. दहा घरी जाऊन दहा जणांच्या हातात चिठ्ठी ठेवली. अकरावी त्या म्हातारीची. तिचं घर पहिल्याच दिवशी गाठलं होतं, पण कुलूप. कापूस विकून ती मारेगावकडे लेकीकडे राहायला गेली होती. ही चिठ्ठी ते शेवटी स्वतः घेऊन जाणार होते, पण दहावी चिठ्ठी देऊन परत येताना त्यांनी एका नाल्यात पाय घसरून गुडघा मोडून घेतला.

मी भेटायला गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता आणि चिठ्ठी उशीखाली. डॉक्टरनं दीड महिना सांगितला होता. मी म्हणालो, रजिस्टर करून टाकतो, पोचपावती येईल. त्यांनी प्लास्टरकडे बोट केलं. म्हणाले, "माह्या पायाले दीड महिना लागते. मावशीपाशी दीड महिना हाय का नाही, हे कोन सांगते?" मग उशीखालून चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे धरली. मी हात पुढे केला, तरी त्यांनी ती लगेच सोडली नाही. म्हणाले, "पोस्टात नाही देऊन राह्यलो मी. तुमाले देऊन राह्यलो."

त्यांनी माझ्याकडून निरोप तीनदा घोकून घेतला. आकडे तुम्हालाच समजले, मला नाही समजले, चूक माझी होती. तिसऱ्या खेपेला मी 'माझी'च्या जागी 'त्यांची' म्हणालो, तर परत पहिल्यापासून म्हणायला लावलं.

पोस्टातून रजा काढून मी मारेगावला गेलो. आयुष्यात कधी पिशवीतल्या एका कागदाला इतक्या वेळा हात लावून पाहिला नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा मला संशय यायला लागला. म्हातारी लेकीच्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मी चिठ्ठी दिली. तिनं हात लुगड्याला पुसले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, आकड्याखाली बोट धरलं आणि लेकीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, अकराशे वीस. मग मी निरोप सांगितला, घोकलेला, शब्द न् शब्द. तिनं तो ऐकला आणि विचारलं, की मधात कोण होतं? मी म्हणालो, मशीन होती, ती त्यानं काढून टाकली. "अन् तू कोन?" मी सांगितलं, त्याचा साडभाऊ, पोस्टात आहे. म्हातारी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हंजे मधात तूच होय." मग तिनं पसाभर शेंगा माझ्या रुमालात घातल्या आणि त्या बापूला दे म्हणाली. त्याला सांग, म्हणाली, माझ्या मनात काही नाही.

दोन्ही मी पोचवलं. साडभाऊंनी निरोप दोनदा म्हणून घेतला, शेंगांचा रुमाल हातात तोलून पाहिला आणि रस्त्यात खाल्ल्या काय म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. यवतमाळच्या स्टँडवर मी चार खाल्ल्या होत्या.

पुढे दोन सालांत जिनिंग बंद पडलं. कापूसच येत नव्हता, तर तोलणार काय. मशीन विकली गेली. काट्याच्या खोलीचं दार साडभाऊंनी मागितलं, पण ते मिळालं नाही, कुणीतरी सरपणाला नेलं. ते मुलाकडे कळंबला राहायला गेले. म्हातारीही गेली, लेकीकडून तसं कळलं. त्यानंतर आम्ही जितक्यांदा भेटलो, लग्नात, तेरवीला, दवाखान्यात, तितक्यांदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "चिठ्ठी हातात देली होती ना? लेकीच्या हातात त नाही?" सुरुवातीला मला राग यायचा, मग हसू यायचं, आणि पुढे पुढे त्या प्रश्नाची मला सवयच झाली.

गेल्या दिवाळीत आम्ही कळंबला गेलो होतो. साडभाऊ आता काठी घेऊन चालतात, ऐकायला कमी येतं. जेवणं झाली, पानं झाली, निघायची वेळ आली तरी त्यांनी ते विचारलं नाही. मी दोनदा मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मला बेचैन व्हायला लागलं. माणूस विसरला की काय, या भीतीनं शेवटी मीच त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "भाऊ, चिठ्ठी म्या मावशीच्या हातातच देली होती."

"मले ठाव हाय," ते म्हणाले. आणि वर, "शेंगा खाल्ल्या होत्या तुमी, थे बी ठाव हाय."

ताईनं फराळाचा डबा भरून आणला आणि बांधायला फडकं पुढं केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, राहू दे म्हणाले, आणि डबा तसाच उचलून माझ्या हातात दिला. एकही गाठ नाही. बायको फोनची वाट पाहिल्यासारखी त्यांच्याकडे पाहत राहिली. यवतमाळला बस बदलली, खिडकीजवळ जागा मिळाली, भूकही लागली होती. नेर येईपर्यंत मी तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो आणि त्यातली एक करंजीही खाल्ली नाही.